कुलपाचं चित्र

हडपसरच्या जुन्या ऑफिसातले आम्ही भेटलो की एक किस्सा निघतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. बाकीचे हसतात. मला अजून संताप येतो.

लग्न जुळवणारी वेबसाइट होती आमची. घरोघरी इंटरनेट नुकतं येत होतं. मी टेस्टिंगला, म्हणजे साइटमधल्या चुका शोधायला. लोक जन्मवेळ, पगार, घरचा पत्ता, सगळं विश्वासाने भरायचे. मी साहेबांना सांगितलं, की ही माहिती कोणीही वाचू शकेल, संरक्षण काहीच नाही. साहेबांनी डिझायनरला बोलावून पानावर एक पिवळं कुलूप रंगवून घेतलं. नुसतं चित्र! "आता लोकांचा विश्वास बसेल," म्हणाले. बसलाही.

कर्वेनगरच्या एक निवृत्त बाई मुलीसाठी नाव नोंदवून पासवर्ड विसरल्या. सपोर्टच्या निखिलने तो स्क्रीनवर बघून फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. अख्ख्या हॉलने ऐकला. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हाला दिसतो होय? मग मी लपवत होते कोणापासून?"

एकदा गुंतवणूकदार आले. साहेबांनी खऱ्या मुलींचे फोटो, फोन नंबर भिंतीवर मोठे करून दाखवले. मी म्हटलं, खोटी नावं घालून देते. तर म्हणे, खऱ्याने इम्प्रेशन पडतं.

मग मांजरी गावातली एक नर्स ऑफिसात आली. घटस्फोटित. ब्राउझरमध्ये वर दिसणाऱ्या आमच्या साइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची माहिती उघडायची. हे मी दोनदा लिहून दिलं होतं. तिच्या आधीच्या नवऱ्याला ते सहज सापडलं, आणि तो तिच्या नव्या घराच्या दारात उभा राहिला. शेजारी धावले म्हणून वाचली. हाताला प्लास्टर होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तो पत्ता मी माझ्या भावालासुद्धा दिला नव्हता. तुम्हाला दिला."

साहेबांनी तिला वर्षभराची मेंबरशिप फ्री देऊ केली. ती उठून गेली. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन वाट्टेल ते बोलले. चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. तासाभराचं काम होतं.

त्याच सुमारास साहेबांच्या घरी मुलीसाठी स्थळं बघत होते. निखिलने भोळेपणाने विचारलं, "सर, ताईंची प्रोफाइल पहिल्या पानावर टाकू?"

साहेब दचकले.

"छे! आम्ही ओळखीतूनच बघतोय. मुलीची माहिती अशी चव्हाट्यावर मांडतात का?"