हाताने तोललेला पॉवर सप्लाय

काल साफ करायला कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीच्या वासाने बाबा आठवले. काही वर्षांपूर्वी, चादरींची डिझाइनं काढायच्या याच कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं, म्हणून बाबा आणि मी त्याला वीज पुरवणारा मोठा पॉवर सप्लाय आणायला गेलो होतो. तो कमी पडला तर कार्डही जळेल, ही मला धास्ती. दुकानदाराने दोन दाखवले, दोन्हींवर वॅटचा आकडा एकच. एमआयडीसीत जन्मभर लूमच्या मोटारी दुरुस्त केलेल्या बाबांनी ते दोन हातांत घेऊन तोलले. "आकडा कुनीबी छापतंय. ह्यो जड हाय, आत तांबं हाय की," म्हणाले. जडच घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पन ह्याचं काम काय असतंय रं?" त्यानंतर मशीनमधलं एकेक करून सगळं बदललं, तो पॉवर सप्लाय मात्र अजून तोच आहे.