नियमावलीत नसलेली रजा

आमच्या बैठकीत पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं. दारातून आत येणाऱ्याची नजर पहिली तिथंच पडावी अशा बेतानं ठेवलेलं. आत एका मापाची, एका रंगाची जाडजूड पुस्तकं, आणि कपाटाला कुलूप. किल्ली कधी हरवली हे घरात कोणालाच सांगता आलं नसतं, कारण तिची गरजच कोणाला पडली नव्हती. रायपूरच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून नोकरीपायी आलेली सात-आठ मराठी घरं होती आणि प्रत्येकाच्या बैठकीत असं एक सुशिक्षित कपाट होतं. पाहुणे त्याकडे बघून मान डोलवायचे आणि मग चहा घ्यायचे.

घरातली खरी पुस्तकं वेगळी असतात. बसल्या जागेवरून न उठता, नुसता हात लांबवून जी घेता येतात ती. आमच्याकडे अशी दोन होती, एक बाबांचं आणि एक आईचं.

बाबा एका सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. त्यांच्या पलंगाच्या उशाशी, चष्म्याच्या घराखाली, नियमावली असायची. सरकारी नोकरानं रजा कशी मागावी, दौऱ्यावर कसं जावं, चुकला तर त्याला कसं धरावं, हे सगळं त्या एका पुस्तकात होतं. सरकार नियम बदलायचं तेव्हा दुरुस्तीचा कागद यायचा. बाबा तो कात्रीनं कापून गव्हाच्या खळीनं योग्य त्या पानावर चिकटवायचे. अशा वीसेक वर्षांच्या चिठ्ठ्यांनी पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. खळीच्या ओढीनं त्यात झुरळं यायची. बाबांच्या खालोखाल ते पुस्तक मनापासून कोणी वाचलं असेल तर त्या झुरळांनीच.

कचेरीपुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण बाबांनी घरही त्याच पुस्तकावर चालवायला घेतलं होतं. मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला अभनपूरला जाते म्हटलं तर ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "मुख्यालय सोडायची परवानगी घेतली का?" अभनपूर म्हणजे बसनं तासभरसुद्धा नाही. भाऊ क्रिकेट खेळून उशिरा आला की त्याच्याकडून तीन ओळींचं लेखी स्पष्टीकरण घ्यायचे. तो ते हिंदीत लिहायचा, कारण मराठी त्याला समजायची पण हाताला यायची नाही. आईचं डोकं दुखलं तर "प्रमाणपत्र आहे का डॉक्टरचं?" असा विनोद व्हायचा. तो विनोद वर्षानुवर्षं तोच होता आणि हसायचं आम्हालाच असायचं.

आईचं पुस्तक स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारच्या फळीवर. रेल्वेचं टाइमटेबल. शेजारचे काका रेल्वेत होते. नवं आलं की जुनं ते आईला द्यायचे. वर्षभर शिळं टाइमटेबल आई कादंबरीसारखं वाचायची. नुसतं उघडलं तरी रायपूर ते वर्धा हेच पान उघडायचं, कडेला हळदीची बोटं उमटलेलं. वर्ध्याला तिचं माहेर. पोळी लाटता लाटता घड्याळाकडे बघून ती म्हणायची, "आता गाडी डोंगरगडले असंल." थोड्या वेळानं, "गोंदिया." भाजीला फोडणी पडेपर्यंत तिनं आम्हाला नागपूरला आणून सोडलेलं असायचं. प्रत्यक्षात ती दोन-तीन वर्षांतून एकदा जायची, तेही कोणाच्या लग्नाला, अक्षतांच्या आदल्या दिवशी पोचून वरातीच्या दुसऱ्या दिवशी परत.

मग छत्तीसगडचं नवं राज्य झालं आणि आम्ही राहत होतो तिथेच राहून राजधानीत राहायला गेलो. फटाके फुटले, पेढे वाटले गेले. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ वाळत घातलेल्या चादरींवर पूर्वीसारखीच बसायची, पण आता ती राजधानीची धूळ होती. भोपाळहून साहेब लोक आले. त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटायचं की यांना बढती नाही, शिक्षा झाली आहे. फायलींच्या पेट्याही आल्या आणि व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवल्या गेल्या. कोणत्या पेटीत काय आहे हे भोपाळमध्ये राहिलेल्या कोणाला तरी माहीत होतं म्हणे.

नियमावल्या त्या पेट्यांत होत्या. म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या चिकटवलेली, उघडी, हाताशी असलेली एकमेव नियमावली आमच्या पलंगाच्या उशाशी होती.

सुरुवातीला एका साहेबांचा शिपाई पुस्तक न्यायला आला. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की पुस्तक घराबाहेर जाणार नाही. साहेबांना यायचं असेल तर घर त्यांचंच आहे. मला वाटलं, आता नोकरी जाते. पण रविवारी सकाळी आमच्या गल्लीत दिव्याची गाडी आली. गल्लीतली पोरं गाडीला हात लावून बघत होती आणि साहेब आमच्या पलंगाच्या कडेवर बसून बाबांना विचारत होते, "बड़े बाबू, ज़रा देखिए, इसमें क्या लिखा है?" बाबा पान न शोधता उघडायचे. त्यानंतर दर रविवारी कोणी ना कोणी येऊ लागलं. सदर बाजारातून नव्या कपबश्या आल्या. आई सकाळी सहापासून पोहे भिजवायची. बाबांच्या चालण्यात फरक पडला. ते भाजी आणायलाही राज्याचं काम असल्यासारखे निघायचे.

याच दिवसांत मामाचा वर्ध्याहून फोन आला. आजी माणसं विसरायला लागली होती. मामाला तिनं सकाळी चहा देताना विचारलं होतं, "तुम्ही कोणाकडले?" आईनं फोन ठेवला आणि पदरानं उगाच फोन पुसत बसली. मग बैठकीत जाऊन म्हणाली, "मले वर्ध्याले जा लागते. आठ दिवस."

"आत्ता?" बाबा खरोखर चकित झाले होते. "अवो, राज्य उभं होऊन राहिलं अन् तू माहेरी जातं म्हणतं?"

"राज्य काय माझ्या पोह्यावर उभं होऊन राहिलं?"

याचं उत्तर काय आहे हे बाबांना ठाऊक होतं. ते 'हो' असंच होतं.

मग आईचं जाणं विधानसभेच्या अधिवेशनानंतर ठरलं. अधिवेशन झालं, तर एका साहेबांची चौकशी निघाली आणि त्या चौकशीचा नियम बाबांच्या पुस्तकात होता. मग होळीनंतर ठरलं. होळीच्या आठवड्यात मामाचा पुन्हा फोन. या वेळी तो आईला म्हणाला, "साऱ्यांले विसरली ती. माह्या पोट्ट्यांले, मले. तुलेच नाही विसरली. रोज विचारते, रायपूरची कवा येते म्हणून. लवकर ये बावा."

फोनजवळ आम्ही सगळेच उभे होतो, त्यामुळे हे कोणाला कळलं नाही असं आता म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि ओट्यावर ठेवून काहीतरी लिहिलं. जेवणं झाल्यावर ते बाबांच्या हातात दिलं. अर्ज होता. "माननीय महोदय, माझी आई माणसं विसरून राहिली आहे. ती मला विसरायच्या आधी मला तिला भेटायचं आहे. तरी आठ दिवसांची रजा मिळावी ही विनंती. आपली आज्ञाधारक." खाली सही. आईची सही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. चौथीतल्या मुलीसारखी गोल आणि सरळ होती.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना वाटलं की बायकोनं शेवटी त्यांचा विनोद उचलला. मलाही वाटलं, आणि मीही हसले. त्या वेळी मला बाबांचा राग आला होता असं इथं लिहायला आवडलं असतं.

"नमुना चुकला," बाबा अर्ज तपासत म्हणाले. "रजेच्या काळातला पत्ता कुठं आहे? अन् मागं काम कोण पाहीन? बदली माणूस दाखव लागते, त्याबिगर रजा नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आईनंही बघितलं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. परीक्षेला तीन आठवडे होते आणि रोज दुपारी मी मैत्रिणीकडे अभ्यासाच्या नावाखाली पत्ते खेळायला जात होते. मी म्हटलं, "माझे पेपर आहेत ना, आई."

भाऊ ताटावरून म्हणाला, "मम्मी, मेरा टिफ़िन कौन बनाएगा?"

बाबांनी लाल पेन काढलं आणि अर्जाच्या समासात लिहिलं, "कामाची निकड लक्षात घेता तूर्त विचार करणे शक्य नाही." खाली सही, तारीख, सगळं रीतसर. आईनं ताटं उचलली.

तो कागद बाबांनी नियमावलीत ठेवला आणि पुढच्या रविवारी साहेबांना दाखवला. मराठी साहेबांना येत नव्हती, म्हणून बाबांनी ओळ न ओळ हिंदीत करून सांगितली. साहेब बशीत चहा सांडेपर्यंत हसले. मग आईकडे वळून मोठ्या मनानं म्हणाले, "भाभीजी, साल भर रुक जाइए, फिर छुट्टी ही छुट्टी है." आई त्यांच्या बशीतला चहा पुसायला फडकं घेऊन उभी होती. ती "हव" म्हणाली. छत्तीसगडी माणसं ज्या सुरात हो म्हणतात त्याच सुरात. त्या दिवसापासून तिनं वर्ध्याचं नाव काढणं बंद केलं आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आईला परिस्थिती समजली, असं बाबा म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी व्हरांड्यातल्या पेट्या उघडल्या गेल्या. नियमावल्या निघाल्या, प्रत्येक साहेबाच्या टेबलावर एकेक गेली. त्या रविवारी कोणी आलं नाही. आईनं सवयीनं पोहे भिजवले होते, ते आम्ही दोन वेळा खाल्ले. पुढच्या रविवारीही कोणी आलं नाही. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अकरापर्यंत बसून राहिले. गल्लीत गाडीचा आवाज आला की पुस्तकाकडे हात जायचा. गाडी दुसऱ्याच कोणाची असायची. राज्य त्यांच्याशिवाय चालायला लागलं होतं, आणि विशेष म्हणजे पूर्वी चालायचं तसंच.

तिसऱ्या रविवारी बाबांनी नियमावलीतून तो कागद काढला. लाल शेऱ्याखाली लिहिलं, "मंजूर." आणि स्वयंपाकघरात नेऊन आईला दिला. वर, स्वतःही येतो म्हणाले. त्यांच्याजवळ आता शिल्लक रजा भरपूर होती. आईनं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जाऊ." टाइमटेबल तिनं उघडलं नाही.

वर्ध्याला पोचलो तेव्हा दुपार होती. मे महिन्यात तिथं दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मामाच्या घरी कूलरसमोर खाटेवर आजी बसली होती, धुतलेलं लुगडं, विंचरलेले केस, अगदी ठीकठाक. मला वाटलं, मामानं उगाच बाऊ केला. आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. आजीनं हात काढून घेतला नाही. पाहुण्या बाईचा ठेवावा तसा तो आदबीनं तिच्या हातात राहू दिला.

"कुठून आल्या तुम्ही?" आजीनं विचारलं.

मामानं दाराकडे तोंड फिरवलं. आई म्हणाली, "रायपूरहून."

"रायपूर?" आजीचा चेहरा असा उजळला की मी एक पाऊल पुढे गेले. "रायपूरले माही पोरगी असते ना!" ती मामीकडे वळून म्हणाली, "अवो, चहा ठेव यांच्यासाठी. माह्या पोरीच्या गावचे आहेत."

बाबा दाराशी बॅग हातात धरून तसेच उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं आणि बसायला परवानगी लागत नाही हे त्यांना सुचत नव्हतं.

"मंग, येते का तुमची पोरगी?" आईनं विचारलं. आवाज नेहमीचा होता. भाजीवाल्याला भाव विचारते तसा.

"येईन ना. सुटी नाही भेटत तिले. जावई मोठे आहेत, सरकार नाही चालत त्यांच्याबिगर." आजीनं हे अभिमानानं सांगितलं. मग आईचा हात थोपटून, आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाले भेटन तिथं, तं सांगजा तिले. म्हणा, घाई करू नोको. माय आहे इथंच. तुले ओळखल्याबिगर कुठं जात नाही."

आई म्हणाली, "सांगते."