बाई चहा घेत नाहीत

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फक्त पाण्याचे निरोप येतात. आज येणार, आज येणार नाही, परवावर ढकललं, टाकी भरून घ्या. दीड महिन्यापूर्वी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून असाच एक निरोप वाचत होते आणि त्याच्या खालीच कुणीतरी लिहिलं होतं, 'मागच्या गल्लीतल्या द्वारकाबाई वारल्या. दुपारी नेणार.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडून टाकले. एक बटण दाबलं की झालं. पुढचा तास दहावीचा होता, धडा सामाजिक चळवळींचा. आता हे मी रचून सांगतेय असं वाटेल, पण दरवर्षी त्या दिवसांत तोच धडा येतो, त्याला मी काय करू? फळ्यावर लिहिलं, प्रश्न, संघटन, नेतृत्व, लोकसहभाग. आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले... कारण यातलं एकही मी पुस्तकातून शिकले नव्हते. मातीला मात्र गेले नाही. घरी सांगितलं, तास होते.

द्वारकाबाई चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या. नवरा लवकर गेलेला, घरात मुलगा आणि सून. आमची कॉलनी दोन गल्ल्यांची. पुढची आमची, म्हणजे कन्नड-पैठणकडची शेती मागं ठेवून नोकरीला आलेल्यांची. मागची त्यांची, दारादारावर पंचशील झेंडा. नळ दोन्हीकडं नव्हता, सगळा कारभार टँकरवर. पण टँकर पुढच्या गल्लीत थांबायचा आणि मागच्यांनी पाइप ओढत न्यायचा, आमचं भरून झाल्यावर. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. मलाही नाही, हे आधीच सांगून टाकते.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी शाळेतून परतताना दिसलं, वॉर्ड ऑफिसच्या फाटकाशी, लिंबाखाली, तांबड्या पट्ट्यांची सतरंजी अंथरून दोन्ही गल्ल्यांना नळ हवा म्हणून ही बाई एकटी धरण्याला बसलेली. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा वार. सतरंजी चांगली आठ जणांची, आणि वर माणूस एक. मला हसूच आलं. म्हटलं, "अहो, एकट्याच?"

"एकटी कुठं, तुमी आलात की," त्या म्हणाल्या. मग सरकून जागा केली. "मी तर बसणारच हाय बाई. माझ्या बसण्याचं कुणाला काय नाय, म्हणतील येडी झाली. दुसरं कोण बसतं, त्याच्यावर हाय सगळं."

मी बसले. तत्त्वासाठी वगैरे नाही हो, नाही कसं म्हणायचं हे सुचलं नाही म्हणून. पण पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीत बोलणं झालं की शाळेतल्या बाई बसल्या, म्हणजे काहीतरी असेल. चौघी आल्या, मग सतरंजी पुरेना, मग कुणी घरून चटई आणली. बायका मेथी निवडायला घेऊन यायच्या. काहीजणी पाण्यासाठी यायच्या, काही घरात कुणी ऐकत नाही म्हणून, आणि एक तर सरळ सांगायची की सासूपासून तेवढीच सुटका. द्वारकाबाईंना सगळं चालायचं. भाषण कधी केलं नाही त्यांनी. येईल तिला एक काम द्यायच्या. एकीनं अर्ज लिहायचा, एकीनं हजर बायकांची नावं पाठ ठेवायची, एकीनं उठताना त्यांच्याबरोबर सतरंजीची टोकं धरायची. "काम दिलं की माणूस परत येतंय," म्हणायच्या. मी पंचवीस वर्षं लोकसहभाग शिकवते, इतकं सोपं करून मला एकदाही सांगता आलं नाही.

नियम त्यांचे दोनच. वॉर्डाच्या साहेबाच्या केबिनमध्ये एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं, एक पुढच्या गल्लीची, एक मागच्या गल्लीची. आणि साहेबाचा चहा घ्यायचा नाही. "चहा पोटात गेला की आवाज बसतो," असं त्या गंभीरपणे सांगायच्या आणि आम्ही हसायचो. शिष्टमंडळ आत गेलं की शिपाई ट्रे घेऊन यायचा आणि तसाच भरलेला परत न्यायचा. ऑफिसात आमची ओळखच ती झाली होती, चहा न घेणाऱ्या बायका.

त्या दिवसांत मी कितीदा तरी त्यांच्या घरी गेले. अर्ज वाचून दाखवायला, सह्या घ्यायला. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, "बाई, चहा टाकू?" आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "नको, आत्ताच घेऊन निघाले." कशाला खोटं बोलू आता? घेतलेला नसायचा. आमच्या घरात जे लहानपणापासून होतं ते माझ्या घशातही होतं. सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची आणि त्यांच्या कपाला तोंड लावायची नाही. त्यांनी कधी आग्रह केला नाही.

मग साहेबांचा फोन आला. मला एकटीला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्याशी बोलता येतं. त्यांच्याशी काय बोलणार?" हे वाक्य मला आवडलं. आज लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं, पण तेव्हा आवडलं. द्वारकाबाई ड्युटीवर होत्या. मागच्या गल्लीतून दुसरी कुणीही आली असती, हाक मारायला दोन मिनिटं लागली नसती. मी रिक्षा केली आणि गेले. साहेब म्हणाले, पहिल्या टप्प्यात पुढची गल्ली घेऊ, मागची दुसऱ्या टप्प्यात नक्की, फक्त रहिवासी समाधानी आहेत आणि धरणं मागं घेत आहेत एवढं लिहून द्या. कपबशीत चहा आला, बरोबर बिस्किटं. ट्रे माझ्या एकटीसाठी आला होता. मी घेतला. विलायची घातलेला होता, छान होता. आणि सही केली, रहिवाशांच्या वतीने.

महिन्याभरात खोदकाम झालं. पाइप आमच्या गल्लीच्या टोकाला, किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. तो थांबला त्या संध्याकाळी द्वारकाबाई माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. मला वाटलं सहीबद्दल विचारतील, त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. त्यांनी एकच विचारलं. "बाई, तुमी तिथं चहा घेतला व्हय?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा लिंबाखाली बसल्या, एकट्या, पहिल्यापासून. मी स्कूटीवरून त्याच रस्त्यानं गेले. दुसरं कोण बसतं त्यावर सगळं असतं हे मला ठाऊक होतं, आणि मी गाडी थांबवली नाही. आमच्या गल्लीतून कुणीच गेलं नाही. नळ आला होता ना आता. त्यांची गल्ली हळूहळू जमत गेली आणि दोन वर्षांनी पाणी मिळवलंच. तोवर टँकर आमच्या घरांसमोरून पुढं जायचा. मी खिडकी लावून घ्यायचे. शेवटची भेट दवाखान्याच्या रांगेत झाली. लई वाळल्या होत्या. आज बोलून टाकू, असं ठरवत मी तब्येतीचं विचारलं, शुगरचं विचारलं, सुनेचं विचारलं... तेवढ्यात माझा नंबर आला.

मागच्या रविवारी शेवटी त्यांच्या घरी गेले. तीच तांबड्या पट्ट्यांची सतरंजी अंथरलेली, कडेची वीण सुटलेली, मधे लिंबाच्या काडीचा एक तुकडा अडकलेला. गल्लीतल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. सुनेनं चहा आणला. सगळ्यांसमोर कप ठेवत आली आणि मला ओलांडून पुढं गेली. मला वाटलं, बरोबर आहे. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. एका म्हातारीनं टोकलं, "अगं, बाईंना दे की."

"त्या घेत नाहीत," सून म्हणाली. "आत्याबाई सांगायच्या ना. तवा सगळी गल्ली म्हणत होती, बाई चहा पिऊन फिरल्या, तर आत्याबाई भांडल्या सगळ्यांशी. मी विचारलंय म्हणल्या, बाई नाय म्हणल्यात. बाई चहा घेत नाहीत. कुणी कधी विचारायचं पण नाय त्यांना."

सगळ्या फुंकर घालून चहा प्यायला लागल्या. हात ठेवायला जागा नाही म्हणून मी सतरंजीची वीण ओढत राहिले, ती आणखी सुटली.

मग मी म्हणाले, "मी घेते चहा. त्या दिवशी साहेबांकडं पण घेतला होता. त्यांना खोटं सांगितलं मी."

सून माझ्याकडं बघत उभी राहिली. मग रिकामा ट्रे घेऊन आत गेली. मी तिथंच बसून राहिले. मग नळ सोडल्याचा आवाज आला, आणि पातेलं भरल्याचा.