सभेत घेतलेलं नाव

पालक सभा म्हटलं की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. अहेरीपासून बरीच आत, जंगलातल्या दोनशिक्षकी शाळेत मी सहा वर्षं काढली. सभेचा विषय वरून ठरून यायचा. पालक धानाची मळणी सोडून यायचे आणि सतरंजीवर गप्प बसायचे. मी बोलायचे, ते ऐकायचे. एकदाचं उरकलं की सुटले म्हणायचे.

त्या डिसेंबरात वाटलं, जरा मनापासून करू. एकेका मुलाचं नाव घेऊन बोलू. सातवीतल्या एका मुलीपासून सुरुवात केली. मी म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण गणितात कच्ची. घरी लक्ष द्या." तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि सभा तिथेच आटोपली.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत येईना. चौथ्या दिवशी बाप आला, काखेत कोंबडी.

"म्याडम, दंड आणलो."

"कशाचा?"

"तुमी सभेत पोरीचं नाव घेतलं ना. आमच्या गावात चूक केली त्याचंच नाव बैठकीत घेतेत. दंड घ्या अन् सगळ्याइसमोर सांगा, आता तिच्यावर काई नाई म्हणून. मंग पाठवतो तिले."

मी कपाळावर हात मारला. तिचा काही गुन्हा नाही, हे त्याला तीनदा सांगितलं.

"मले सांगून काय होते? गावानं आयकलं ना."

कोंबडी परत केली तर त्याचा चेहरा आणखीच पडला. पुढच्या महिन्याच्या सभेत सांगते, म्हणाले. खरं तर त्याच संध्याकाळी चार घरं फिरून माणसं गोळा करता आली असती. पण दुसरे गुरुजी ट्रेनिंगला गेलेले, ऑनलाइन माहिती भरायची राहिलेली, आणि खोटं कशाला बोलू, मला कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याने सभा भरली. मी उभी राहून सगळ्यांसमोर बोलले की मुलीची काही चूक नाही, चूक माझी, गणित शिकवायचं काम माझं. सतरंजीवर पहिल्यांदाच माना हलल्या. मला हायसं वाटलं. उद्या येईल पोरगी.

बाप उठला.

"बरं केलं म्याडम. पण पोरगी तं मावशीसंगं तेलंगणात मिरची तोडाले गेली. आठ दिवस झाले. इथी रायली तं जो तो विचारे, काय केलं व तू म्हणून."