दामूअण्णा फार कुरकुरतात म्हणे!

मंडळी, चाळीच्या फळ्यावर लिहितोय.

आज डिलाईल रोडला आपल्या बीडीडी चाळीचा गिरगावच्या संघाशी हुतुतूचा सामना होता. मध्यंतरात त्यांच्या पोरांना पेल्यातून पाणी दिलं, आपल्या पोरांना वरून ओंजळीत. आपले मॅनेजर दामूअण्णा पंचांकडे तक्रार घेऊन गेले.

गिरगावचा एक पाठीराखा मला म्हणाला, "तुमचा मॅनेजर सारखा कुरकुरतो बुवा. हरणार म्हणून ना?"

"आम्ही पुढे आहोत, डोळे उघडा!" मी ओरडलो.

पेला मिळेना, म्हणून अण्णांनी संघ मैदानात उतरवला नाही. पंचांनी गिरगावला विजयी ठरवलं.

परवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गिरगावचा हाच पाठीराखा माझ्या शेजारी घोषणा देत होता. त्याच्या महाराष्ट्रात आपण आहोत का? सांगा.