जखऱ्या, पण कोणाचा?

साठ सालच्या आसपास धाकट्या बहिणीला मुलगा झाला. ती बाळंतपणाला मल्लेश्वरमला आमच्याकडे आली होती. आई नव्हती, त्यामुळे शेक, धुणं, डिंकाचे लाडू सगळं माझ्याकडे, आणि वर कारखान्याच्या ऑफिसातली टायपिंगची नोकरी. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ठाण्याहून बहिणीच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांना बंगळूरचं पाणी, भाजी, हवा, काहीच पटत नव्हतं.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. आठव्या दिवशी सुन्ता होते, तेव्हाच प्रार्थना सांगणारे हजान बाळाचं नाव पुकारतात. वडिलांना नातवासाठी स्वतःच्या वडिलांचं नाव हवं होतं, जखऱ्या. आम्ही दोघी मुलीच, आणि माझ्या लग्नाचा विषय बंद झालेला. नाव पुढे चालायचं तर इथेच. जावयाची हरकत नव्हती. त्याच्या आईची होती.

"जखऱ्याला मंदिराच्या अंगणात धोंडे घालून मारलं," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवाला ते नाव नको."

"तो वेगळा, विहीणबाई. तो यहोयादा याजकाचा मुलगा. आपला जखऱ्या नबी. बरेख्याचा."

"कशावरून?"

झालं. वडिलांनी आमच्या धर्मग्रंथाची मराठी प्रत, शास्त्र, काढायला लावलं. त्यांना दिसत नाही, म्हणून वाचायचं मी. ऑफिसातून यायचं, बाळंतिणीचं आवरायचं आणि जखऱ्या शोधायचे. ते पैशाला पासरी निघाले. कोणी द्वारपाळ, कोणी वाजंत्री, कोणी नुसतेच वंशावळीत नावापुरते. एक राजाही निघाला. गादीवर बसला न बसला तोच त्याचा खून झालेला. ते पाहून मी पान उलटलं; पण सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"का थांबलीस गो? वाच की."

वाचलं. त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "आणखी एक मेला."

वडिलांची रीत सोपी होती. नाव आलं की विचारायचं, "कोणाचा?" गावाकडे एकेका आळीत समाजी नावाचे दोन-तीन, इसाजी नावाचे तितकेच, ते असेच ओळखू यायचे. बाप वेगळा तर माणूस वेगळा. एज्राच्या पुस्तकात मात्र ही रीत अडली. तिथे नबीला इद्दोचा मुलगा म्हटलं होतं. बरेख्याचं नावच नाही.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या एकाचेच दोन झाले."

वडील त्या दिवशी नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नबीच्या स्वतःच्या पुस्तकाची सुरुवात वाचून दाखवली. बरेख्याचा मुलगा, इद्दोचा नातू.

"म्हणजे इद्दो आजोबा," वडील सावरून बसले. "मधला बाप गाळलाय."

"असं कोण करतं?"

"कोण म्हणजे? शेजारच्या अक्कांच्या नातवाला वाणी त्याच्या आजोबांच्या नावानेच ओळखतो. बाप नोकरीला परगावी, त्याला कोण बघतं?"

हे सासूबाईंना पटलं. तांदळाचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. मला वाटलं, सुटले.

"बरं, दोघे वेगळे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या वडिलांना नाव ठेवलं ते कोणाचं? नबीचं, की धोंडे खाल्लेल्याचं?"

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने त्यांना तसंही काही दिसत नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "सांगणारं कोणी उरलं नाही."

मला आता शास्त्रात शोधण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक मिटलं आणि बंब पेटवायला उठले. तेवढ्यात खाटेवरून बहीण सासूबाईंशी बोलली; त्यांना ती मामी म्हणायची. आठवडाभर ती हे सगळं पडून ऐकत होती.

"मामी, नाव पुकारताना हजान बापाचं नाव घेणारच ना? मग हा तुमच्या मुलाचा जखऱ्या. ना यहोयादाचा, ना बरेख्याचा. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. आणि आता जरा झोपू द्या मला."

सासूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मी त्याला बाबूच म्हणणार."

"म्हणा," वडील म्हणाले.

आठव्या दिवशी मुंबईहून आलेल्या हजानांनी नाव पुकारलं, आधी बाळाचं, मग जावयाचं. वडील दिसत नाही म्हणून अगदी पुढे उभे होते. त्यांचं आमेन सगळ्यांच्या आधी आणि एकट्याचंच निघालं. बाळ किंचाळत होतं. सासूबाईंनी "बाबू, बाबू" करत त्याला आत नेलं, आणि मी चुलीवरचं पातेलं उतरवायला गेले.