हिराने ठोकलेले तंबू

आमची हिरा थंडीला मानत नव्हती. सारसोळ्याची कोळीण, पहाटे बर्फातली मासळी निवडायची सवय. डोंगरात पोरं दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडायची आणि ही साडीवर माझा जुना शर्ट चढवून चुलीपुढे बसायची. म्हणायची, "ज्याला काम नाय, त्यालाच थंडी वाजते." हे माझ्याकडे बघून.

जवळच्या शाळेचं स्काउट-गाइडचं पथक दर हिवाळ्यात घाटावर शिबिराला जायचं. हिरा स्वयंपाकाला, मी भांडी उचलायला. आम्हाला मूलबाळ नाही. तिथे पोरं तिला आजी म्हणत. म्हणून दिवाळी सरली की ही पिशवी भरून ठेवायची, आणि माझी लुंगी हरवली की त्याच पिशवीत सापडायची.

अक्कल मात्र तिला सगळ्यातच असायची. एकदा पथकाचे सावंत सर पाण्याची सोय बघायला खालच्या गावात गेले होते. पोरं तंबू ठोकत होती. हिरा पिठाचे हात तसेच घेऊन उठली. खाडीत होडी नांगरताना तोंड वाऱ्याकडे ठेवतात, म्हणून हिने सगळ्या तंबूंची दारं वाऱ्याकडे करायला लावली. मी म्हटलं, अगं, होडीला बूड असतं, याला कुठंय? तर म्हणाली, "तुमी कांदं कापा."

वारा सुटला. दारांतून आत शिरला, तंबू टम्म फुगले आणि खुंट्यांसकट उडाले. पुढे तंबू, मागे पोरं, त्यांच्यामागे शिव्या घालत हिरा. मला हसू आवरेना. सर आले, एक फाटका तंबू उचलून बघितला आणि म्हणाले, तंबू फाटले, पोरांच्या घरी काय सांगू? आज गावातल्या देवळात झोपा, उद्या सगळे परत.

ही बाई गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. जेवलीपण नाही.

सकाळी पिशवी घेऊन सरांपुढे उभी राहिली. "मास्तर, चूक माजी हाय. मी जाते एसटीनं. पोरानला नका परत नेऊ."

आणि खरंच रस्त्याला जाऊन बसली. मी तिच्यामागे पातेली घेऊन. थोड्या वेळाने एकेक पोर बॅग घेऊन आलं आणि तिच्याशेजारी बसलं. रस्त्याकडेला ही लांब रांग. सर आले तशी पोरांची पुढारी तन्वी म्हणाली, "आजी जाणार तर आमी पण जाणार."

सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आजी, उठा. भाकऱ्या करा. तंबूला मात्र हात लावायचा नाही."

उरलेले दिवस देवळातच काढले. पुढे दर हिवाळ्याला सर बोलवत राहिले. तंबूला तिने परत हात लावला नाही. लांबून तोंड चालूच.

यंदा गणपतीनंतर हिरा गेली. झोपेत, एक शब्द न बोलता. तिच्या स्वभावाला न शोभणारं हे एकच काम तिने केलं.

तेराव्याला पथक आलं, गळ्यात स्कार्फ घालून. तन्वीने डावा हात पुढे केला. मी खेकसलो, दुखवट्याच्या घरी डावा हात काय देतेस?

ती म्हणाली, "आजोबा, आमच्यात असाच देतात. फक्त पथकातल्या माणसाला. आजीला आमी असाच द्यायचो."

एवढी बडबडी बाई, पण हे मला कधी बोलली नव्हती.

मी डावा हात दिला.